खिंड उघडण्याचे दिवस

मार्च लागला की बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत आमच्या छपरावरचा बर्फ सुटायला लागतो. आधी वर कुठेतरी खर्र असा आवाज होतो, कुणी माळ्यावर जड पेटी ओढावी तसा. मग क्षणभर काही नाही. मग धप्प. खिडकीबाहेरून पांढरं काहीतरी कोसळून जातं आणि फडताळातली भांडी किणकिणतात. दर वर्षी त्या पहिल्या आवाजाला माझ्या हातातलं काहीतरी खाली पडतं. या वर्षी पोह्यांची बशी पडली.

"अरे, बर्फच पडला," माझी बायको मेधा म्हणाली. "एवढा दचकतोस काय! आणि म्हणे फौजी माणूस."

फौजी माणूस मी होतो, आठ वर्षं. ते सोडून अमेरिकेत आलो त्यालाही आता सोळा वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळातली माणसं दर सव्वीस जानेवारीला मला दोन शब्द बोलायला उभं करतात. मी थंडीबद्दल बोलतो, डब्यातल्या अननसाबद्दल बोलतो, खेचरं किती हट्टी असतात ते सांगतो. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, मग बटाटेवडे येतात. मेधालाही मी त्यापलीकडे काही सांगितलेलं नव्हतं. तिने सुरुवातीला विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

इथे मार्च म्हणजे सुटका. शेजारचे आजोबा चार अंश तापमानात अर्ध्या चड्डीवर बाहेर येऊन हवेत हात पसरतात. मेपलच्या खोडांना बादल्या लटकतात. रस्त्याकडेला काळ्या पडलेल्या बर्फाच्या ढिगातून हिवाळाभर हरवलेलं सगळं वर येतं, एक हातमोजा, एक फुटलेलं फावडं, कुणाच्या तरी पोराची घसरगाडी. माझ्या अंगात मात्र या दिवसांचं एकच नाव आहे. खिंड उघडते आहे.

खिंड म्हणजे सोळा हजार फुटांवर दोन डोंगरांच्या मध्ये पडलेलं एक खोगीर. तिचं नाव मी लिहीत नाही. अलीकडे आपला देश, पलीकडे दुसरा, आणि रेषा नेमकी कुठून जाते यावर दोघांचं कधीच एकमत नाही. हिवाळ्यात बर्फ ती रेषा पुसून टाकतो आणि सहा महिने कुणाला तिची आठवणही होत नाही. मे महिन्यात बर्फ सुटतो. दोन्हीकडची माणसं वर चढतात. भांडण जिथे अर्धवट राहिलेलं असतं, तिथून पुन्हा सुरू होतं.

त्या खिंडीच्या खालच्या चौकीवर मी एका मोसमात कॅप्टन होतो. तिथे माझ्या हाताखालचा एक माणूस गेला, हवालदार सखाराम जगदाळे, माण तालुक्यातला. या जानेवारीत त्याच्या मुलीचा फोन आला. शीतल. वडील गेले तेव्हा पाच वर्षांची होती, आता ॲन आर्बरला एम.एस. करते. आईकडच्या जुन्या कागदांत तिला माझं नाव मिळालं आणि कुणाकुणाला विचारत तिने माझा नंबर काढला.

"काका, मला फक्त एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "बाबा शेवटचं काय बोलले? तुम्हीच ऐकलं होतं ना?"

"फोनवर नको," मी म्हणालो. "इकडे ये."

"स्प्रिंग ब्रेकमध्ये येते. मार्चमध्ये. चालेल?"

चालेल म्हणालो. मार्चच का, असं मनात आलं. पण तिला काय ठाऊक. त्या दिवसापासून दोन महिने माझ्यासमोर एकच प्रश्न होता. सतरा वर्षांपूर्वी चौकशीत जे सांगितलं तेच तिलाही सांगायचं, की खरं सांगायचं.

हा लेख तेव्हा लिहायला घेतला. जमला नाही. आता लिहितोय.

उंचीवरचा उन्हाळा फार क्रूर असतो. हिवाळा निदान सरळ मारतो. मे महिन्यात ऊन बर्फावरून उलटं डोळ्यांत येतं आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. ओठ फाटतात, हसलं की रक्त. सकाळी विसरून उघड्या हाताने लोखंडी कडीला हात लावला की कातडी तिथेच राहते. दुपारी बारानंतर वरचे कडे सुटायला लागतात आणि दिवसभर डोंगर आपली हाडं मोडत बसल्यासारखा वाजतो. एका दुपारी वाऱ्याने रॉकेलचे डबे लादलेलं एक खेचर वाटेवरून उचललं. खरंच उचललं. चारही पाय हवेत, डोळे पांढरे, आणि मग नाल्यात खाली डब्यांचा खणखणाट, कितीतरी वेळ. दुसऱ्या खेचराला पुढे काढलं.

जगदाळे तेव्हा म्हणाला होता, "सायेब, आमच्याकडं जनावर पान्याबिगर मरतं. हितं बघा, पान्याच्या डोंगरावर मरतंय." आणि हसला होता. वरचा ओठ फाटून दातांवर रक्त आलं तरी हसत राहिला.

आमची तुकडी देशभरातल्या माणसांची होती. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. चारचौघांत तो माझ्याशी हिंदीत बोलायचा, सॅल्यूट ठोकून. कुणी नसलं की मराठीत. त्याची मराठी माझ्या पुणेरी कानाला आधी गंमत वाटायची. पुढे तो बोलला नाही तर दिवस गेल्यासारखा वाटेना.

खिंडीवर दगडांची एक रास होती, पुरुषभर उंच, आमच्या रंगात रंगवलेली. थोडं पुढे त्यांची. बर्फ सुटला की ते येऊन आमची रास पाडायचे. आम्ही जाऊन त्यांची पाडायचो. मग दोघंही आपापली पुन्हा रचायचे. गोळी चालवायची नाही, हा दोन्हीकडचा नियम होता आणि तो पाळला जायचा. त्यामुळे भांडण अंगाने व्हायचं. पोटाला पोट लावून ढकलायचं, छातीवर छाती, तोंडावर तोंड, एकमेकांच्या श्वासाचा वास येईपर्यंत. त्यांच्याकडून लसणाचा आणि सिगरेटचा यायचा. आमच्याकडून रमचा आणि रॉकेलचा येत असणार. कधी शिव्या, कधी दगड. बहुतेकदा संध्याकाळपर्यंत दमून दोन्हीकडचे खाली.

त्या वर्षी एप्रिलमध्ये, खिंड उघडायच्या आधी, मी माणसांना काठ्यांना काटेरी तार गुंडाळायला सांगितलं. हे चौकशीत कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वरून तसा हुकूम नव्हता. मला तीस वर्षं पुरी झाली नव्हती, मागच्या मोसमात आमच्या एकाचं डोकं फुटलं होतं, आणि मला वाटलं की पहिल्याच दिवशी त्यांना असा धडा द्यावा की मोसमभर वर येणार नाहीत. जगदाळेने पक्कडीने तार पिळता पिळता विचारलं, "सायेब, हे कशाला? दांडकं पुरतंय की."

"गुंडाळा," मी म्हणालो.

त्याने गुंडाळली. छान, घट्ट, एकसारखी. हातात कसब होतं त्याच्या.

माझी मुलगी रेवा इथे शाळेच्या टीममध्ये आइस हॉकी खेळते. एकदा तिची मॅच बघायला गेलो होतो. दोन मुली धावत येऊन कडेच्या फळीवर आपटल्या. तो आवाज, माणूस आणि लाकूड यांचा. एक मुलगी गुडघ्यावर पडली, हेल्मेट निघालेलं, आणि दुसरीची काठी वर गेलेली होती. ती मारणार नव्हतीच, तोल सावरत होती फक्त. आजूबाजूचे आईबाप उभे राहून ओरडत होते, एक बाई तर कॉफीचा कप हवेत नाचवत "गेट हर! गेट हर!" करत होती. मी उठलो आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. मॅच संपल्यावर रेवा आली, केस घामाने चिकटलेले.

"बाबा, व्हेअर डिड यू गो? आय स्कोअर्ड!"

"फोन आला होता," मी म्हणालो.

तर त्या दिवशी आम्ही दहाजण वर गेलो. रास पाडलेली होती. ती रचून होते न होते तोच पलीकडून ते आले, पंधरा असतील. ढकलाढकली सुरू झाली. नंतर एक दगड माझ्या खांद्यावर बसला. कुणी मारला ते दिसलं नाही. माझ्या समोर त्यांचा एक सैनिक होता, बुटका, गालांवर थंडीने फुटलेले लाल चट्टे. त्याच्या हातात काहीही नव्हतं. मी काठी त्याच्या तोंडावर मारली.

तारेने गाल उघडला. तो गुडघ्यावर बसला, दोन्ही हात तोंडाशी धरून, ओंजळीत पाणी घ्यावं तसे. मी पुन्हा मारली, हातांवर. पुन्हा मारली, मानेवर. बर्फावर रक्त लाल दिसत नाही, आधी काळं दिसतं आणि त्यातून वाफ येते. मला आठवतंय की मला बरं वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला सतरा वर्षं लागली. चौथ्यांदा काठी वर गेली तेव्हा मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

"सायेब, पडलाय त्यो. सायेब! पडलाय."

जगदाळे होता. त्याने मला मागे ओढलं नसतं तर मी थांबलो नसतो.

त्यानंतर जे झालं ते त्या पडलेल्या माणसामुळे झालं. त्यांच्या ओळीतून एक आरोळी उठली. तशी मी त्याआधी ऐकली नव्हती आणि पुढेही नाही. उतारावरून आणखी माणसं धावत आली, तीस, चाळीस, मोजता येईनात. आता लोखंडी गज होते, दगड होते. आमच्या दोघांचे पाय मोडले, एकाची कवटी फुटली. आम्ही त्यांना उचलून खाली पळालो. खिंडीपासून आमच्या दगडी आडोशापर्यंत यायला एकच वाट होती, कड्याला धरून गेलेली, एका माणसाच्या रुंदीची. धुकं चढत होतं. वाटेच्या तोंडाशी जगदाळे थांबला.

"तुम्ही व्हा म्होरं. ह्यांना न्या. मी हितं हाय."

मी त्याला थांबायचा हुकूम दिला नव्हता. चल असंही म्हणालो नाही.

मागच्या नोव्हेंबरात रेवा एका मैत्रिणीकडे निघाली होती. दारात बूट चढवत ओरडली, "आई, मी जाते गं!"

"जाते म्हणू नये," मेधा आतून म्हणाली. "येते म्हण."

"बट आय ॲम लिटरली लीव्हिंग!"

"तरीही. आपल्यात जाताना येते म्हणतात."

"मग खरंच येते तेव्हा काय म्हणायचं?"

"तेव्हाही येतेच."

"दॅट मेक्स नो सेन्स, आई. मग माणसाला कळणार कसं?"

मेधा हसली. "कळतं गं. आवाजावरून कळतं."

मी जिन्यावर बसलो होतो. रेवाने वाकून पाहिलं. "बाबा, आर यू ओके?"

आडोशाच्या मागे आम्ही नऊजण होतो. सहाजण धड. बाहेर धुकं इतकं की पसरलेला हात दिसत नव्हता, आणि धुक्यातून आवाज येत होते, दगडाचे, लोखंडाचे, माणसांचे. वाट चढून जगदाळेपर्यंत पोचायला सहा-सात मिनिटं लागली असती. वर जाणाऱ्यांत पुढे मला असायला हवं होतं, आणि वरचे मला ओळखत होते. माझी काठी त्यांनी पाहिली होती. मला भीती वाटत होती. बाकीची जी कारणं मी पुढे स्वतःला सांगितली, जखमींना सोडून कसं जायचं, धुक्यात माणसं कशी घालायची, ती सगळी नंतरची आहेत. तेव्हा फक्त भीती होती.

तेवढ्यात वायरलेसवर जगदाळेचा आवाज आला. दुसरा सेट त्याच्याजवळ होता.

नियम असा की वायरलेसवर हिंदीत बोलायचं, ठरलेल्या शब्दांत. माघारी येत असलास तर "वापस आ रहा हूँ, ओव्हर." जगदाळे हा नियम कधी मोडायचा नाही, मीच कधी मराठीत सुरू झालो तर तो हिंदीत उत्तर द्यायचा आणि नंतर एकांतात म्हणायचा, "सायेब, शिस्त." त्या दिवशी तो मराठीत बोलला. शांत होता. दम लागलेला, पण शांत, सुट्टी संपवून घरून निघालेला माणूस पायरीवर बोलतो तसा.

"सायेब, येतो."

एवढंच. ओव्हर नाही, काही नाही.

वायरलेसवाला पोरगा गढवाली होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "क्या बोला, साब?"

त्या आडोशात मराठी समजणारा मी एकटा होतो. मला कळलं होतं. पहिल्या अक्षरालाच कळलं होतं. आणि मी म्हणालो, "बोल रहा है, आ रहा हूँ."

"तो हम..."

"रुको. आ रहा है वो."

आम्ही थांबलो. धुक्यातले आवाज बराच वेळ चालले, मग बंद झाले. वायरलेसवाल्याने दोनदा विचारलं, "साब, चलें?" मी दोनदा म्हणालो, "आ रहा है." धुकं उठल्यावर वर गेलो तेव्हा वाटेच्या तोंडाशी त्याची काठी पडली होती, मधोमध मोडलेली. तो तिसऱ्या दिवशी खालच्या नाल्यात सापडला, बर्फ उतरल्यावर. त्याच्या हातांची अवस्था मी इथे लिहीत नाही. शीतललाही सांगितली नाही. तेवढं एकच राखून ठेवलं.

चौकशीत जबानी इंग्रजीत द्यायची होती. मी लिहिलं, हवालदार जगदाळे यांचे वायरलेसवरील शेवटचे शब्द: "आय ॲम कमिंग." इंग्रजीत त्या शब्दाला दुसरी बाजूच नाही. माझ्या तोंडून निसटलेलं खोटं तिथे कागदावर खरं झालं, त्याखाली सही झाली, शिक्का बसला. चौकशीने ठरवलं की तो परत येत होता आणि त्याच्याच सांगण्यावरून आम्ही थांबलो. कुणाची चूक नाही. मी वर्षभरात राजीनामा दिला. मेधाला अमेरिकेत नोकरी लागली होती, म्हणून दिला असं लोकांना वाटलं. मी वाटू दिलं.

शीतल मार्चच्या पहिल्या शनिवारी आली. मी तिला बॉस्टनच्या विमानतळावरून घेऊन आलो. बापासारखीच रुंद कपाळाची, हसताना ओठ दाबून धरणारी. वाटेत ती तिच्या बसबद्दल बोलली, हिवाळ्यात सायकलवरून दोनदा पडल्याबद्दल बोलली, रूममेट डोसे कसे जाळते ते सांगितलं. मेधाने मटकीची उसळ केली होती. जेवण झालं. मेधा आणि रेवा दोघी उठायला लागल्या, तर मी म्हणालो, बसा. तुम्हीही बसा.

दुपारचे दोन वाजले असतील. मी जसं वर लिहिलंय तसंच सांगत गेलो, तारेपासून. मध्ये छपरावरून बर्फ पडला. कुणी तिकडे पाहिलं नाही. जेव्हा "येतो" पर्यंत आलो तेव्हा शीतलने हात वर केला, वर्गात करावा तसा.

"एक मिनिट, काका. कागदात इंग्रजी आहे. बाबा कुठल्या भाषेत म्हणाले?"

"मराठीत."

"वायरलेसवर मराठीत?"

"हो."

तिने उसळीच्या वाटीची कड बोटाने पुसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"हो."

मेधाने श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. रेवा काय समजली, किती समजली, मला माहीत नाही. ती उठून आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, माझ्या नाही.

"आमच्या घरी ना," शीतल म्हणाली, "आई सगळ्यांना सांगते, ते येतच होते. वाटेत होते. सतरा वर्षं सांगते. पाहुणे आले की सांगते. तुम्हाला कल्पना आहे का त्याची?"

मला कल्पना नव्हती. मी तसं म्हणालो. ती उठली आणि खोलीत गेली, आणि दार बंद केलं. बराच वेळ तिचा आवाज येत होता, मध्येच चढलेला, मध्येच अगदी नाही. गावाकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असणार. आईला झोपेतून उठवलं असेल. दुसऱ्या दिवशी तिला विमानतळावर सोडलं. ती पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत होती. उतरताना बॅग मी काढायला गेलो तर म्हणाली, "नको, मी घेते."

आठवडाभराने, शनिवारी सकाळी आठला, भारतातून फोन आला.

"शीतलची आई बोलतेय." आवाज खरखरीत, ठाम. मागे शेळ्या ओरडत होत्या. "पोरीनं सांगितलं मला समदं. आता तुमी सांगा."

"वहिनी, मी तुमची माफी..."

"माफीबिफी ऱ्हाऊ द्या. ती माझ्याकडं न्हाई. त्यो दिवस सांगा. सकाळपास्नं. किती वाजता उठले, काय खाल्लं, समदं."

मी सुरू केलं. ती मला पुढे जाऊ देत नाही. पायांत मोजे कुठले होते? लोकरीचे? कोरडे होते का? दाढी केली होती का त्या दिवशी? ऊन होतं की वारा? मला आठवत नाही म्हणालो तर म्हणते, "आठवा. घाई न्हाई मला." आणि खरंच आठवतं. त्याने मोजे रात्रभर शेगडीच्या नळीवर वाळत घातले होते आणि एकाची टाच जळाली होती. तो जळालेल्या टाचेतून बोट घालून दाखवत होता. हे मी सतरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ती म्हणते, "बास आजच्याला. म्होरल्या शनवारी." आणि फोन ठेवते. निरोपाचा शब्द नाही.

पाच शनिवार झाले. इथला बर्फ संपला, अंगणात चिखल आहे. मेधा शनिवारी सकाळी माझ्यासमोर चहा ठेवते आणि शेजारी बसून राहते, अजून फारसं बोलत नाही. मला एकदाचं शेवटपर्यंत सांगून टाकायचंय. कुठे पोचायचंय ते तिलाही माहीत आहे, मलाही. पण अजून आम्ही चौकीतून निघालेलोच नाही. कालच्या फोनवर जगदाळे बुटाची नाडी बांधत होता, आणि ती म्हणाली, "थांबा. बांधू द्या त्यांना."